एकोणतिसावं वर्ष आणि एकट्याची थाळी

मार्चचा शेवट आणि एप्रिल हे आमच्याकडे, समुपदेशकांकडे, गर्दीचे दिवस. पुण्याच्या हिंजवडी, खराडी, मगरपट्टा या भागांत नोकरी करणारी पंचविशी-तिशीतली मुलंमुली या काळात जास्त येतात आणि बहुतेकांचं पहिलं वाक्य एकच असतं. "मॅडम, तसं सगळं व्यवस्थित आहे, पण समाधान नाही." पगार बरा असतो, घरची माणसं चांगली असतात, सुट्टीच्या दिवशी बाहेर जेवायला जाण्याइतके पैसे असतात. तरी वाढदिवस जवळ आला की पोटात गोळा येतो. कोणी त्या दिवशी फोन बंद ठेवतं, कोणी मुद्दाम रजा टाकून गावी निघून जातं. एका मुलीने सांगितलं होतं, "ऑफिसात केक कापताना सगळे टाळ्या वाजवत असतात आणि माझ्या डोक्यात एकच चाललेलं असतं, अजून मी कुठेच पोहोचले नाही."

हीच तक्रार इतक्या तोंडून ऐकल्यावर एकदा सविस्तर लिहावं असं ठरवलं. त्यासाठी निनादची गोष्ट सांगते. त्याच्या परवानगीने सांगते आहे; नाव आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. आमच्या भेटी बऱ्याच झाल्या, इथे त्यातलं मोजकंच देते.

निनाद सोलापूर जिल्ह्यातला. इंजिनिअरिंगला पुण्यात आला आणि इथलाच झाला. हिंजवडीच्या एका कंपनीत सॉफ्टवेअर टेस्टिंग करतो, बाणेरला मित्रांबरोबर भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहतो. पहिल्याच भेटीत म्हणाला, "मॅडम, मला अरे-तुरेच करा, नाहीतर इंटरव्ह्यूला बसल्यासारखं वाटतं." मग मोबाइलमधली एक यादी दाखवली. तिशीच्या आत स्वतःचं घर, ऑनसाइट म्हणजे कंपनीकडून परदेशात काम, आणि सगळ्यात खाली 'आपल्याला मनापासून आवडणारं काम सापडणं'. एकाही ओळीपुढे खूण नव्हती. एकोणतीस पूर्ण व्हायला दीड महिना उरला होता.

हा नऊचा आकडा तसा बदनामच आहे. अ‍ॅडम ऑल्टर आणि हॅल हर्शफील्ड या संशोधकांनी २०१४ मध्ये मांडलं होतं, की वयाच्या शेवटी नऊ आलं की माणूस आयुष्याच्या अर्थाचा हिशेब जास्त मांडू लागतो. त्यांच्या आकडेमोडीवर पुढे आक्षेपही आले. परिणाम वाटतो त्यापेक्षा बराच लहान आहे, असं दुसऱ्या बाजूचं म्हणणं. माझ्या समोरच्या खुर्चीत बसणारी माणसं मात्र एकोणतीस, एकोणचाळीस सांगताना आवाज खाली आणतात, हे मी वर्षानुवर्षं पाहते आहे.

निनाद दर शनिवारी मित्रांबरोबर बाहेर जेवायला जायचा. तेवढीच करमणूक, पण घरी परतताना उदास व्हायचा. मी विचारलं, "गेल्या शनिवारी काय खाल्लंस?"

"बाणेरलाच गेलो होतो. नवीन जागा आहे."

"हो, पण खाल्लंस काय?"

तो विचारात पडला. "स्टार्टर्स होते काहीतरी. पनीर असावं."

"आणि गप्पा कशावर झाल्या?"

हे मात्र त्याला तोंडपाठ होतं. कोणाला बावीस लाखांची ऑफर आली, कोण जर्मनीला गेला, कोणी वाकडला टू बीएचके बुक केला, बिल भागिले सहा किती झालं. दोन तास टेबलाशी बसून त्याच्या पोटात काय गेलं ते त्याला आठवत नव्हतं आणि डोक्यात काय गेलं ते विसरता येत नव्हतं.

"वाढदिवसाला पार्टी द्यावी लागेल," तो म्हणाला. "कोणीतरी विचारणारच, मग पुढे काय प्लॅन? यंदा माझ्याकडे उत्तर नाही."

पुढच्या एका भेटीत खरी गाठ हाती लागली. त्याच्या कंपनीत अप्रेझलचं, म्हणजे वर्षभराच्या कामाला गुण देणारं, पत्र एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात येतं आणि वाढदिवसही त्याच आठवड्यात. सलग तीन वर्षं त्याला पाचपैकी तीन मिळाले होते. तो अगदी सहज बोलून गेला, "मी थ्री आहे, मॅडम."

"तुझं काम थ्री ठरलं की तू?"

"एकच ना ते?"

तो हे प्रामाणिकपणे विचारत होता. चार शिकलेल्या माणसांना विचारलं तर तीही हेच म्हणतील. लहानपणापासून प्रगतिपुस्तकावर आधी मुलाचं नाव असतं आणि मग गुण. ते गुण पेपरचे आहेत हे कोणी सांगतच नाही.

माझी भिस्त अल्बर्ट एलिस या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाच्या विचारांवर आहे. १९५०च्या दशकात त्यांनी मांडलेली विवेकनिष्ठ पद्धत महाराष्ट्रात चांगली रुजली आहे आणि माझ्या अनुभवात ती इथल्या माणसाच्या पटकन गळी उतरते. त्यांचं एक सांगणं मी रोज वापरते: कृतीचं मोल करा, अख्ख्या माणसाचं करू नका. दुसरं, इच्छा असू द्या, हट्ट नको. 'तिशीपर्यंत घर झालं तर छान' ही इच्छा माणसाला कामाला लावते. 'झालंच पाहिजे, नाहीतर मी फुकट गेलो' हा हट्ट त्याच माणसाला पांघरूण ओढून झोपवतो. यादी दोघांचीही तीच असते.

पण असं नुसतं समजावून कोणी बदलत नाही. निनाद मान डोलवायचा, "पटतंय" म्हणायचा आणि पुढच्या शनिवारी तसाच परत यायचा. एलिस स्वतः एकोणीस वर्षांचे असताना मुलींशी बोलायला भयंकर घाबरत. त्यांनी न्यूयॉर्कमधल्या वनस्पती उद्यानात बाकावर एकट्या बसलेल्या दिसतील तितक्या मुलींशी बोलायचं ठरवलं आणि महिनाभरात शंभरएक मुलींशी बोलले. भीती बोलून जात नाही, करून जाते, हे त्यांना तिथे उमगलं. म्हणून मी निनादला म्हटलं, "वाढदिवसाच्या दिवशी एकटा बाहेर जेवायला जा."

"एकटा? वाढदिवसाला? लोकांना वाटेल बिचाऱ्याला कोणी नाही."

"वाटेल कदाचित. मग?"

तो बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "मग काही नाही. पण नको वाटतं."

"नको वाटू दे आणि जा."

अटी तीनच घातल्या. फोन खिशात. फोटो नाही. आणि परत येऊन मला फक्त जेवणाबद्दल सांगायचं. मित्रांची पार्टी पुढच्या शनिवारवर ढकलली.

सदाशिव पेठेतल्या एका जुन्या डायनिंग हॉलमध्ये तो गेला. दाराशी विचारणा झाली, "किती जण?" "एकच" म्हणताना कान तापले, असं त्याने सांगितलं. चार जणांच्या टेबलावर अनोळखी कुटुंबाशेजारी जागा मिळाली. त्या घरातलं लहान मूल पोळी खायला तयार नव्हतं, त्यामुळे याच्याकडे कोणाचं लक्षच नव्हतं. ताट आलं, मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर, वाढपी येऊन जाऊन वाढत राहिला. दहा मिनिटं फोनकडे हात जात होता. नंतर थांबला.

पुढच्या भेटीत तो आला तो सरळ जेवणावरच. "आमरस एक नंबर. अळूची भाजी आमच्या आईच्या वळणाची, दाणे, खोबऱ्याचे काप, सगळं. मसालेभात बरा होता. बटाट्याची भाजी खारट झालेली. कोशिंबीर दोनदा मागून घेतली."

मी विचारलं, "मग पाचपैकी किती?"

"कशाला?"

"अख्ख्या थाळीला."

तो हसला. "असं कसं सांगणार, मॅडम? आमरसाला पाच, बटाट्याला दोन. सगळ्या थाळीला मिळून एक आकडा कसा देणार?"

आणि बोलता बोलता थांबला. मी काही बोलले नाही. अशा वेळी समुपदेशकाने गप्प राहायचं असतं. ते सोपं दिसतं, पण वाक्य जिभेवर तयार असताना गिळायला सराव लागतो. माझा तो आहे. निनाद खिडकीकडे बघत होता. मग हळू म्हणाला, "आणि मी मला थ्री देऊन बसलोय."

हे त्याचं त्याला सापडलं, म्हणून टिकलं. मी तेच वाक्य पहिल्या दिवशी दिलं असतं तर त्याने वहीत लिहून घेतलं असतं आणि संपलं असतं.

त्या दिवशी आम्ही नोकरीलाही तीच रीत लावली. एकेक वाटी वेगळी. नव्याने लागलेल्या मुलांना काम समजावून सांगणं त्याला मनापासून आवडतं. किचकट बग, म्हणजे प्रोग्राममधली चूक, शोधताना वेळेचं भान राहत नाही. रात्री साडेदहाचा अमेरिकेचा कॉल आणि रोजचे स्टेटस रिपोर्ट नकोसे होतात. वाकडच्या पुलाखालची ट्रॅफिक तर नोकरीत मोडतच नाही, पण तो तिचे गुणही नोकरीतून कापत होता. 'आवडणारं काम सापडत नाही' म्हणणाऱ्या मुलाकडे दोन वाट्या भरलेल्या निघाल्या. त्याने मॅनेजरकडे नव्या मुलांचं ट्रेनिंग मागून घेतलं आणि कॉल पाळीपाळीने करायची विनंती केली. ट्रेनिंग मिळालं. कॉल पाचाऐवजी तीन रात्रींवर आले. नोकरी तीच आहे, फ्लॅटही भाड्याचाच आहे.

आवडीचं काम बाहेर कुठेतरी तयार पडलेलं आहे आणि ते एके दिवशी आपल्याला भेटेल, ही समजूत मुलांना फार छळते. एमी रेझनेस्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये अभ्यास केला होता, की माणसं कामाकडे पोटापाण्याचं साधन, बढतीची शिडी किंवा जीवनकार्य यांपैकी कशा नजरेने पाहतात. त्यात कार्यालयीन सहायकांचा एक छोटा गट होता. काम सगळ्यांचं सारखंच, तरी तिन्ही नजरा जवळपास समान वाटल्या गेल्या होत्या. तेव्हा पदाचं नाव बदललं की समाधान येईलच, हे गृहीत धरू नका.

याचा अर्थ नोकरी सोडूच नये असा घेऊ नका. जिथे अपमान होतो, पगार थकतो, तब्येत ढासळते, तिथून निघावंच. फक्त वाढदिवसाच्या आणि अप्रेझलच्या आठवड्यात राजीनामा लिहू नका. त्या दिवसांत मनात न्यायालय भरलेलं असतं. महिनाभर थांबा, कामाच्या वाट्या वेगळ्या करून लिहा, कोणती वाटी मागून वाढवता येते ते वरिष्ठांना विचारून पाहा. त्यानंतरही बहुतेक रिकाम्याच दिसल्या तर खुशाल दुसरीकडे अर्ज करा. आयुष्याचा हिशेब मांडायचाच असेल तर तो एखाद्या साध्या मंगळवारी मांडा. आणि मित्रांबरोबर जेवायला गेलात तर जेवण येईपर्यंत तरी पॅकेजचा विषय टेबलावर आणू नका. कोणीतरी एकाने सुचवावं लागतं, बाकीच्यांना सुटल्यासारखंच वाटतं.

एक गोष्ट वेगळी सांगते. जवळजवळ रोज, दिवसभर मन उदास, झोप किंवा भूक बिघडलेली, पूर्वी आवडणारं काहीच आवडत नाही, असं दोन आठवडे चाललं असेल तर तो वाढदिवसाचा प्रश्न राहत नाही. मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा. मरणाचे विचार येत असतील तर दोन आठवडेही थांबू नका. सरकारच्या टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या मदतसेवेचा क्रमांक १४४१६ आहे, फोन निःशुल्क आहे आणि मराठीतही बोलता येतं.

आणि हे आई-वडिलांसाठी. निनादच्या आईंनी मला फोनवर विचारलं होतं, "आम्ही काही चुकतो का हो?" दरवर्षी वाढदिवसाच्या सकाळी त्या व्हिडिओ कॉलवर निरांजन ओवाळायच्या आणि त्याच दमात लग्नाचं विचारायच्या. मी म्हटलं, ओवाळणं मुळीच बंद करू नका, विषय तेवढा दुसऱ्या दिवशी काढा. त्यांनी तसंच केलं. दुसऱ्या दिवशी विचारलं, आणि एरवी "बघू" म्हणून फोन ठेवणारा निनाद पाऊण तास बोलला. दोन वर्षं थांबायचं आहे, घराचं कर्ज एवढ्यात घ्यायचं नाही, कामात कुठे मजा येते, हे सगळं त्याने सांगितलं. आईंना त्यातलं निम्मं पटलं नाही, पण हे सगळं त्यांना पहिल्यांदाच कळत होतं.