वाचकांचे प्रश्न : टोंडरची जर्मन शाळा आणि १९२० ची मतमोजणी

प्रश्न : माझा पुतण्या नोकरीनिमित्त डेन्मार्कच्या नैर्ऋत्य कोपऱ्यातील टोंडर नगरपालिकेच्या हद्दीत राहायला गेला आहे. तेथे डॅनिश शाळांबरोबर जर्मन शाळाही आहे आणि ती परदेशी लोकांसाठी नसून पिढ्यान्‌पिढ्या तेथेच राहणाऱ्यांसाठी आहे, असे तो कळवतो. १९२० च्या सार्वमतात टोंडर शहराने जर्मनीच्या बाजूने कौल दिला होता, असेही त्याने ऐकले. मग ते शहर डेन्मार्कमध्ये कसे गेले? बेळगावचा प्रश्न ऐकत वाढलेल्या माझ्या पिढीला हे चमत्कारिक वाटते. शिवाय त्याला आपल्या मुलीला त्या शाळेत घालायचे असेल, तर जर्मन असल्याचा पुरावा द्यावा लागेल का?
– एक वाचक, दादर, मुंबई

उत्तर : आपल्या पुतण्याने ऐकलेले खरे आहे. विसंगती दिसते ती मतदारांच्या कौलात नाही, मतमोजणीच्या पद्धतीत आहे.

१८६४ च्या युद्धात प्रशिया (पुढे जर्मनीत सामावलेले राज्य) व ऑस्ट्रियाने डेन्मार्कचा पराभव केला, श्लेस्विग प्रांत डेन्मार्कच्या हातून गेला आणि १८६७ मध्ये तो प्रशियात विलीन झाला. पहिल्या महायुद्धात जर्मनी हरल्यावर, या प्रांताच्या उत्तरेकडील भागाने कोणत्या देशात राहावे हे सार्वमताने ठरवावे, अशी तरतूद व्हर्सायच्या तहात करण्यात आली आणि त्यासाठी दोन विभाग पाडण्यात आले. उत्तरेकडील पहिल्या विभागात १० फेब्रुवारी १९२० रोजी मतदान झाले. त्या विभागात जन्मलेल्यांना, ते अन्यत्र राहत असले तरी, मताचा अधिकार होता. त्यामुळे गणपतीला चाकरमानी कोकणात जावेत तसे दूरदूरचे लोक आगगाड्यांनी व बोटींनी मतदानासाठी गावी परतले होते.

या विभागातील सगळी मते एकत्र मोजायची आणि बहुमताचा निर्णय संपूर्ण विभागाला लागू करायचा, हे मतदानाआधीच ठरलेले होते. सुमारे ७५ टक्के मते डेन्मार्कला पडली. टोंडर शहरात मात्र सुमारे तीन चतुर्थांश मते जर्मनीला होती; शेजारच्या होयरचा कौलही तसाच होता आणि ओबनरो व सोंडरबोर्ग या शहरांतही जर्मनीचे पारडे जड होते. एकत्रित मोजणीत खेड्यापाड्यांतील डॅनिश मतांपुढे या शहरांचा कौल निष्फळ ठरला. दक्षिणेकडील दुसऱ्या विभागात १४ मार्च रोजी मतदान झाले. तेथे मोजणी गावनिहाय होती, परंतु सुमारे ८० टक्के मतदारांनी जर्मनीच निवडल्यामुळे त्या पद्धतीचा डेन्मार्कला काही उपयोग झाला नाही. सीमा आखली गेली ती या दोन विभागांच्या मधून, आणि आजही ती तेथेच आहे.

बेळगावचा उल्लेख आपण केला आहे, आणि तो अगदी समर्पक आहे. राज्य पुनर्रचना आयोगाने सर्वसाधारणपणे जिल्हा हा घटक मानला, तर महाराष्ट्राने खेडे हा घटक, भौगोलिक सलगता, भाषिक बहुसंख्या आणि लोकेच्छा या सूत्रांचा आग्रह धरला. लोकेच्छा अजमावली तरी ती कोणत्या घटकात मोजायची हा प्रश्न उरतोच, हे टोंडरच्या उदाहरणावरून दिसते. गावनिहाय मोजणी झाली असती तर हे शहर कदाचित जर्मनीत राहिले असते. मात्र सीमेवर नागमोडी पट्टे आणि बेटे तयार झाली असती, हेही मान्य करावे लागेल. माझ्या मते एका विभागाला एक नियम आणि दुसऱ्याला वेगळा, हा या सार्वमताचा सर्वांत कच्चा दुवा होता.

सीमेच्या उत्तरेला जे जर्मन राहिले, त्यांच्यातील अनेकजण १९३० नंतर नाझी विचारांच्या आहारी गेले आणि डेन्मार्कवरील जर्मन ताब्याच्या काळात त्या सत्तेची त्यांनी साथ केली. त्यामुळे १९४५ मध्ये त्यांच्या शाळा बंद झाल्या आणि अनेकांना शिक्षा झाल्या. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये त्यांनी डॅनिश राज्याशी निष्ठा जाहीर करून नवी संघटना स्थापन केली. २९ मार्च १९५५ रोजी बॉन आणि कोपनहेगन येथे अनुक्रमे पश्चिम जर्मनी व डेन्मार्कच्या सरकारांनी समांतर जाहीरनामे काढले. आपल्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर त्यांतच आहे : आपण अल्पसंख्याक समाजाचे आहोत असे म्हणण्याचे स्वातंत्र्य प्रत्येकाला आहे आणि सरकारी अधिकाऱ्यांना त्याची शहानिशा करता येत नाही. जातीच्या व अधिवासाच्या दाखल्यांसाठी खेटे घालणाऱ्या आपल्या वाचकांना हे नवलाचे वाटेल.

सध्याची टोंडर नगरपालिका २००७ मध्ये सहा जुन्या नगरपालिका एकत्र करून झाली. तिचे क्षेत्रफळ सुमारे १,२८० चौरस किलोमीटर, म्हणजे मुंबई महानगरपालिकेच्या जवळजवळ तिप्पट आहे; वस्ती मात्र आपल्याकडील एखाद्या नगरसेवकाच्या प्रभागाइतकीही नाही. तेथे २०२१ च्या निवडणुकीनंतर योर्गन पोप पेटरसन हे जर्मन अल्पसंख्याकांच्या श्लेस्विग पक्षाचे नेते इतर पक्षांच्या पाठिंब्याने महापौर झाले. म्हणून सगळे आलबेल आहे असे नाही : शेजारच्या हादरस्लेवमध्ये २०१५ साली शहराच्या नावाची डॅनिश व जर्मन अशी दुभाषिक पाटी लागताच तिची नासधूस झाली आणि ती काढून घ्यावी लागली.

आता शाळेविषयी. जर्मन शाळांना डॅनिश सरकारकडून खासगी शाळांप्रमाणे अनुदान मिळते आणि जर्मनीही मदत करते. शिक्षणाचे माध्यम जर्मन असले तरी डॅनिश भाषा मातृभाषेच्या पातळीवर शिकवली जाते. वंशाचा पुरावा द्यावा लागणार नाही. तथापि ही शाळा परकी भाषा शिकवणारा वर्ग नसून एका समाजाची संस्था आहे, याची जाणीव ठेवून पुतण्याने आधी मुख्याध्यापकांशी बोलावे आणि पालक म्हणून त्या समाजाच्या जीवनात किती सहभाग अपेक्षित आहे, हे विचारून घ्यावे. मुलीच्या कानांवर तिसरी बोलीही पडेल, कारण तेथील जर्मन कुटुंबांपैकी अनेकांच्या घरात रोजचे बोलणे सोंडरयुस्क या दक्षिण जटलंडच्या डॅनिश बोलीत चालते.