पोलंडला एकाच वेळी दोन राष्ट्राध्यक्ष होते, हे खरं आहे का?

हो, अगदी खरं. सप्टेंबर १९३९ मध्ये जर्मनी आणि सोव्हिएत रशियाने पोलंड वाटून घेतला, तेव्हा राष्ट्राध्यक्ष मोश्चित्स्की रुमानियात अडकून पडले. पण १९३५ च्या राज्यघटनेत युद्धकाळात राष्ट्राध्यक्षाने स्वतःच वारस नेमण्याची सोय होती. त्या आधारे राच्किएविच यांनी पॅरिसमध्ये पद स्वीकारलं आणि फ्रान्स पडल्यावर सरकार लंडनला गेलं. कोल्हापूरजवळ वळिवड्याच्या छावणीत राहिलेल्या पोलिश निर्वासितांचं सरकार हेच.

जुलै १९४५ मध्ये ब्रिटन-अमेरिकेने मान्यता काढून घेतली. वॉर्सात १९४७ ला कम्युनिस्ट बिएरुत राष्ट्राध्यक्ष झाले. १९५२ ला तर तिथे ते पदच रद्द झालं. लंडनमध्ये मात्र एकामागून एक सहा जणांनी ते सांभाळलं. ना सैन्य, ना भूमी, तरी शपथविधी चुकला नाही! मला या चिकाटीचं फार कौतुक वाटतं.

१९ जुलै १९८९ ला वॉर्सात जारुझेल्स्की पुन्हा निर्माण केलेल्या पदावर निवडून आले, त्याच दिवशी लंडनचे साब्बात वारले. त्यांच्यानंतर आलेले काचोरोव्स्की शेवटचे. थेट जनतेने निवडलेल्या लेक वालेसांना त्यांनी २२ डिसेंबर १९९० रोजी वॉर्साच्या राजवाड्यात राष्ट्राध्यक्षांचा ध्वज, शिक्के आणि १९३५ च्या घटनेची मूळ प्रत सुपूर्द केली.

हेच काचोरोव्स्की १० एप्रिल २०१० च्या स्मोलेन्स्क विमान अपघातात गेले. सोबत तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष लेख काचिन्स्कीही होते.