औंधच्या संग्रहालयात बऱ्याचशा नकलाच असतील, तर तिथे जावं कशाला?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: साताऱ्यात मुक्काम आहे, कास-ठोसेघर झालं, एक दिवस हाताशी आहे. मुलगी आठवीत आहे आणि तिला चित्रकलेची आवड आहे. कुणीतरी औंधचं श्री भवानी संग्रहालय सुचवलं, पण मित्र म्हणतो की तिथे बऱ्याचशा नकलाच आहेत, उगाच पेट्रोल जाळू नका.

जा. मित्राचं म्हणणं खोटं नाही. युरोपातल्या नावाजलेल्या चित्रांच्या आणि पुतळ्यांच्या प्रतिकृती तिथे भरपूर आहेत. पण मुलगी आठवीत आहे म्हणताय, म्हणजे चित्रकलेच्या एलिमेंटरी परीक्षेचं वय. मी सांगलीत चित्रकला शिकवतो आणि या वयाच्या मुलांना औंध दाखवावं असं मला वाटतं ते बरंचसं या नकलांमुळेच.

हे संग्रहालय कुणी आणि का उभं केलं ते आधी बघा. औंध संस्थानचे राजे भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी (१८६८ ते १९५१). सूर्यनमस्कारांमुळे त्यांचं नाव घरोघरी माहीत आहे, पण हा माणूस स्वतः चित्रकार होता. त्यांचं चित्ररामायण १९१६ साली छापून आलं. पुण्याच्या भांडारकर संस्थेने महाभारताची चिकित्सक आवृत्ती काढायला घेतली तेव्हा त्यांनी एक लाख रुपये देऊ केले आणि आवृत्तीसाठी चित्रंही स्वतः दिली. त्या खंडांच्या मुखपृष्ठावर छापलंय की ही चित्रं प्राचीन नमुन्यांवरून केलेली आहेत. नकलेची लाज नव्हती त्यांना, उलट कशावरून काढलं ते छापून सांगायचे. खरं सांगायचं तर त्यांच्या स्वतःच्या चित्रांतली माणसं मला जरा ताठ वाटतात, फोटोला उभी केल्यासारखी. पण नजर पक्की होती आणि आपल्याला जे बघायला मिळालं ते रयतेलाही दिसावं ही तळमळ होती. खटाव तालुक्यातल्या पोराला पॅरिस सोडाच, मुंबईचं जे. जे. कला महाविद्यालय बघायला मिळण्याची मारामार. त्याच्यासाठी त्यांनी यमाईच्या डोंगरावर, देवळाच्या वाटेवर १९३८ साली ही इमारत बांधली. यमाईला आलेला माणूस येता-जाता चित्रंही बघेल, अशी ही जागा.

औंध तसं गाण्याचंही गाव. अंतुबुवा जोशी, त्यांचे चिरंजीव गजाननबुवा, दोघेही इथल्या दरबाराशी जोडलेले. गाण्यात गुरूची बंदिश जशीच्या तशी घोटून घेतात, तिला कुणी नकल म्हणत नाही, तालीम म्हणतात. चित्रकलेतही तेच चालत आलंय, फक्त चित्राच्या बाबतीत आपण लगेच नाक मुरडतो.

अजिंठ्याचंच घ्या. रॉबर्ट गिल या इंग्रज लष्करी अधिकाऱ्याने तिथे वर्षानुवर्षं बसून भित्तिचित्रांच्या मोठ्या नकला केल्या. त्यातल्या बहुतेक १८६६ साली लंडनजवळच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत गेल्या. मग जॉन ग्रिफिथ्स आणि जे. जे.च्या विद्यार्थ्यांनी १८७२ पासून पुन्हा सगळं काढायला घेतलं, तर त्यातल्याही कितीतरी १८८५ च्या आगीत जळाल्या. इकडे लेण्यांतली मूळ चित्रं ओल, वटवाघळं आणि वरून फासलेलं व्हार्निश यांनी खराब होत राहिली. ज्या नकला वाचल्या, त्या आज मूळ चित्र कसं होतं याचा पुरावा म्हणून अभ्यासतात. बाळासाहेबही चित्रकारांना घेऊन अजिंठ्याला गेले, नकला करून घेतल्या आणि १९३२ साली त्यांचं अजिंठ्यावरचं पुस्तक निघालं.

आणि लंडनचं व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट, ज्यांच्याकडून आलेली वाघनखं २०२४ मध्ये साताऱ्याच्या संग्रहालयात ठेवली होती, त्यांच्याकडे तर प्लास्टरच्या प्रतिकृतींची स्वतंत्र दालनं आहेत. १८७३ पासून. मायकेलअँजेलोचा डेव्हिड आहे, रोमचा ट्रेजनचा स्तंभ आहे. स्तंभ छतात मावेना म्हणून दोन तुकडे करून शेजारी-शेजारी उभा केलाय. तिथे लोक तिकडे मुद्दाम वाट वाकडी करून जातात. औंधला मात्र आपण पेट्रोलचा हिशेब करतो!

आता तिथे गेल्यावर काय करायचं ते सांगतो.

आत शिरल्यावर आधी वर बघा. इमारत बांधतानाच नैसर्गिक उजेड वरून आत यावा अशी सोय केलेली आहे. चित्रकाराच्या स्टुडिओत उजेड जसा हवा असतो तसा, डोळ्यांवर न येणारा. तैलचित्रासमोर उभं राहिल्यावर चकाकी आली तर एक पाऊल डावी-उजवीकडे सरकायचं, की रंग दिसतात. हे मुलीला करून बघू द्या.

मग एक खेळ लावा. पुतळा संगमरवरी की साच्यातून काढलेला, हे हात न लावता ओळखायचं. साच्यातल्या पुतळ्यावर दंडाच्या कडेने, कानामागे किंवा वस्त्राच्या घडीत कुठेतरी साच्याच्या जोडाची बारीक रेघ राहून गेलेली असते. घासून काढली तरी तिरप्या उजेडात सापडते. चांगल्या संगमरवरात बोटांच्या आणि कानाच्या पातळ कडेतून उजेड किंचित आत झिरपतो, प्लास्टर तिथे मख्ख पांढरं राहतं. चित्रांतही असंच. मूळ चित्रकाराचा ब्रश काही ठिकाणी धावतो, कारण आपल्याला काय हवंय ते त्याला माहीत असतं. नकल करणारा सगळीकडे सारख्याच जपणुकीने जातो. राजा रविवर्मा यांची अस्सल चित्रं तिथे आहेत, चित्रकार म. वि. धुरंधरांची आहेत. त्यांच्यातली साडीची किनार जवळून बघा, मग चार पावलं मागे या. जवळून नुसते फटकारे, लांबून जरीकाम. नंतर एखाद्या नकलेसमोर हेच करा आणि काही न सांगता मुलीलाच विचारा काय फरक दिसला.

लघुचित्रांना घाई करू नका. पहाडी शैलीतली किरातार्जुनीयाची चित्रं आहेत. गोष्ट आधी सांगून ठेवा: अर्जुनाचं तप, रानडुकराला दोघांचे बाण एकदमच लागणं, शिकार कुणाची यावरून किराताशी, म्हणजे रानातल्या शिकाऱ्याशी झुंज, आणि किरात म्हणजे साक्षात शंकर. गोष्ट माहीत असली की मुलं चित्रात पात्रं शोधत बसतात. हस्तिदंत, चंदन, चांदीच्या कोरीव वस्तूही आहेत. त्या मोठ्यांना फार आवडतात, मुलं कंटाळतात.

इंग्रज शिल्पकार हेन्री मूरचं ‘मदर अँड चाइल्ड’ हे दगडी शिल्प औंधात आहे हे बऱ्याच जणांना खरंच वाटत नाही. तिथे उभं राहून मुलीला हा किस्सा सांगा. १९२२ साली मूर लंडनला शिकत होता. एका जुन्या इटालियन शिल्पावरून संगमरवरात मुखवटा करायचा, आणि तो मोजमापाचं यंत्र लावून, टिंब टिंब पाडून करायचा, असा प्राध्यापकांचा दंडक. मूरने यंत्र बाजूला ठेवलं, नुसत्या नजरेने छिन्नी चालवली, आणि शेवटी गुरुजींच्या समाधानासाठी यंत्राच्या टोचणीच्या खुणा दगडावर खोट्या पाडून ठेवल्या. आधुनिक शिल्पकलेतलं एवढं मोठं नाव, पण हात तयार झाला तो नकल करतानाच.

जायचं कसं: साताऱ्याहून रहिमतपूरमार्गे साधारण ४५ किलोमीटर. संग्रहालय सरकारी आहे, तेव्हा सुट्टीचा वार आणि वेळ निघण्याआधी विचारून घ्या. सकाळी लवकर पोचलात तर आधी डोंगरावर यमाईचं दर्शन, ऊन चढलं की संग्रहालय. मुलीकडे चित्रवही आणि एचबी, टूबी पेन्सिली द्या. रंग घरी ठेवा. बसून काढायचं असेल तर तिथल्या कर्मचाऱ्यांना आधी विचारा, आणि तिने एकच पुतळा निवडून तासभर काढला तर बाकीचं राहिलं म्हणून मागे लागू नका.