सांगली-मिरजेतले जुने रॅपर आणि बीटवाले नव्या पोरांना मदत करतात का? बीट, म्हणजे रॅपच्या शब्दांखाली वाजणारं संगीत, त्यांच्याकडून घ्यावी की यूट्यूबवरची फुकटची?

करतात. पण प्रश्नाखाली तू एक ओळ जोडली आहेस, "बीट कुठलीही चालते, शेवटी लोक शब्दच ऐकतात". हेच वाक्य मी अशा माणसाकडून ऐकलंय, ज्यानं माझ्याच खोलीत, माझ्याच खुर्चीवर बसून गाणं केलं. म्हणून उत्तर लांबणार आहे.

मारुती चौकाजवळ तळमजल्यावर आमची एक खोली होती. आधी तिथं हळदीची पोती असायची. २०१५ साली मी भिंतींना जुन्या गाद्या ठोकल्या, एक कंडेन्सर माइक घेतला आणि काम सुरू केलं. दिवसा भजनी मंडळं आणि शाळांच्या गॅदरिंगची गाणी, त्यातून लाइटबिल निघायचं. रात्री दहानंतर रॅपवाली पोरं. त्यातला एकजण कुपवाड एमआयडीसीतली शिफ्ट सुटली की थेट यायचा. त्याचं लिखाण जबरदस्त होतं, हे मी आजही कुणासमोरही म्हणेन. लेथवरचा हात, कूलंटचा वास, ठेकेदाराची पगारातली कापाकापी, सगळं सोळा ओळींत बसवायचा आणि एक शब्द इकडचा तिकडे करता यायचा नाही.

त्याच्या एका गाण्यासाठी मला तंबोरा हवा होता. नेटवरचं सॅम्पल घ्यायचं नव्हतं. मिरज दहा किलोमीटरवर असताना कशाला घ्यायचं? सतारमेकरांच्या एका कारखान्यात तीन चकरा मारल्या तेव्हा रेकॉर्डिंगला परवानगी मिळाली. कारागीर जवारी लावत होते. तारेखालून सुताचा दोरा सरकवत जायचं, एका जागी आला की इतका वेळ सपाट वाजणारी तार एकदम गुंजायला लागते. तो बदलाचा क्षण मला सापडला. चार सेकंदांचा. गाण्याची सुरुवात तिथून केली. तंबोरा काळी एकला, म्हणजे सी शार्पला लावलेला होता, म्हणून सगळं गाणं त्याच पट्टीत नेलं आणि ८०८ चा, म्हणजे ड्रम मशीनचा खालचा आवाजही त्याच सुरात बसवला. तो जरा जरी हलला असता तर तंबोऱ्याखाली नुसता चिखल ऐकू आला असता. हलगी ओळखीच्या वाजंत्र्याची. शेकून ताणलेली हलगी इतकी टोकदार वाजते की माइक जवळ धरला की आवाज फाटतो. शेवटी माइक बाहेर जिन्यात ठेवला आणि त्यांना आत वाजवायला लावलं.

अकरा रात्री गेल्या. त्यानं दोन टेकमध्ये गाणं केलं आणि मला दीड हजार रुपये दिले. तेव्हा ते पैसे मी खुशीनं घेतले, त्याबद्दल आजही तक्रार नाही.

गाणं चढलं. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं होतं, पोरांच्या हातात फुकट नेट होतं, कॉलेजच्या कट्ट्यावर, वडापच्या गाड्यांत ते वाजायला लागलं. खाली वर्णनात माझं नाव होतं. मग फेब्रुवारी २०१९ ला 'गली बॉय' हा रॅपरवरचा सिनेमा आला आणि बाहेरच्या लोकांना गावोगावचे रॅपर हवे झाले. एका कंपनीनं तेच गाणं नव्यानं काढलं. तोच तंबोरा, तीच हलगी, फक्त व्हिडिओ नवा. माझं नाव गायब, हलगीवाल्याचं तर कधी विचारलंच नाही. मी त्या रॅपरला फोन केला तर म्हणतो, "बीट मी इकत घेतलीय की तुझ्याकडनं. आणि लोकं शब्द ऐकत्यात भावा, बीट कोण ऐकतंय?"

भांडण चालू असतानाच ऑगस्टचा पूर आला. २००५ च्या पाण्याची खूण आमच्या भिंतीवर होती. तिच्या वर हातभर अंतर सोडून, टेबलावर टेबल रचून मी कॉम्प्युटर आणि दोन्ही हार्ड डिस्क ठेवल्या आणि घरच्यांना घेऊन विश्रामबागला गेलो. आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी ४५ फूट, पाणी गेलं ५७ च्या वर. परत आलो तेव्हा टेबलं उलटी होऊन दाराला अडकली होती. चार वर्षांच्या प्रोजेक्ट फाइली, पंधरा-वीस पोरांचे आवाज, सगळं गेलं. नंतर पुन्हा क्रेडिटचा विषय काढला तेव्हा तो म्हणाला, "तूच केलीस तर फाइल दाखव."

आता कायदा. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १९ प्रमाणे हक्क दुसऱ्याला द्यायचा तर ते लेखी आणि देणाऱ्याच्या सहीनं व्हावं लागतं. त्या कागदावर मुदत घातली नसेल तर ती पाच वर्षं धरतात. कलम ५७ म्हणतं की हक्क विकला तरी ही रचना माझी आहे हे सांगायचा अधिकार करणाऱ्याकडेच राहतो. दीड हजार हातात ठेवले म्हणजे विकत घेतलं, असं होत नाही. मी वकील नाही, पण ही कलमं वाचायला वकील लागत नाही.

आणि "बीट कोण ऐकतंय" याचं उत्तर ११ ऑगस्ट १९७३ ला न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्समध्ये मिळालेलं आहे, ज्या पार्टीतून हिप-हॉप सुरू झालं असं मानतात तिथं. कूल हर्क डीजे होता. तो गाण्यातला नुसत्या तालाचा तुकडा दोन रेकॉर्डवर आलटून पालटून लांबवायचा आणि लोक त्यावर नाचायचे. माइकवरचे लोक आधी त्या डीजेची पार्टी तापवायला उभे होते. आपल्याकडचंच बघ. पठ्ठे बापूराव वाळव्यातल्या रेठरे हरणाक्षचे, त्यांचं नाव सगळ्यांना पाठ. त्यांच्या फडातला ढोलकीवाला कोण, विचार कुणालाही.

तुझ्या प्रश्नाचं राहिलंच. यूट्यूबवरची 'फ्री' बीट बहुतेक वेळा फक्त पैसे न कमावता वापरायला फ्री असते. कमाई सुरू केलीस की बीटवाल्याचा क्लेम, म्हणजे हक्काचा दावा येतो. लीजवर, म्हणजे भाड्यानं घेतलीस तर तीच बीट आणखी शंभरजणांकडे असते. सरावाला वापर, पहिलं गाणं तिच्यावर काढू नकोस. इथल्या माणसाकडे जा, पण जाताना एका कागदावर लिही: शब्द कुणाचे, बीट कुणाची, वाजवलं कुणी, पैशात वाटा किती. दोघांच्या सह्या, आणि स्टेम, म्हणजे प्रत्येक आवाजाच्या वेगवेगळ्या फाइली, दोघांकडे, दोन वेगळ्या घरांत. जुने रॅपर वेळ देतात, स्टेजवर चार मिनिटं देतात. नाव द्यायची वेळ आली की बरेचजण मागे सरकतात. सगळे नाहीत.

त्या रॅपरबद्दलही एक सांगितलं पाहिजे. पाणी ओसरल्यावर खोलीतला गाळ काढायला फावडं घेऊन पहिला तोच आला होता. दोन दिवस राबला. गाण्याचा विषय त्यानं काढला नाही, मीही नाही.

आता माझी खोली विश्रामबागला दुसऱ्या मजल्यावर आहे. तंबोऱ्याचं रेकॉर्डिंग त्याच कारखान्यात जाऊन पुन्हा करून आणलंय, काळी एकलाच. त्यावर अजून कुणी लिहिलेलं नाही.