काळी बिअर, परदेशी बाटली आणि गावातली ताजी : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी बहुतेक पत्रे गडद रंगाच्या बिअरविषयी, परदेशातून येणाऱ्या बाटल्यांविषयी आणि मोठ्या शहरांत मिळू लागलेल्या क्राफ्ट (छोट्या कारखान्यांत बनणाऱ्या) बिअरविषयी आहेत. सारख्या आशयाचे प्रश्न एकत्र करून त्यांची उत्तरे येथे देत आहे.

प्रश्न : मागच्या उन्हाळ्यात मुलीकडे डब्लिनला गेलो असता जावयांनी गिनेस पाजली. काळी बिअर फार चढते, अशी समजूत असल्यामुळे मी अर्धाच ग्लास मागितला. पण साध्या बिअरपेक्षा वेगळे असे काहीच जाणवले नाही. माझी समजूत चुकीची होती का? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : होय, चुकीची होती; आणि ती इतकी सर्वत्र पसरलेली आहे की तिच्यावर थोडे सविस्तर लिहिणे मला आवश्यक वाटते. आपण प्यायलेल्या ड्राफ्ट, म्हणजे नळातून ग्लासात ओतलेल्या, गिनेसमध्ये मद्यार्काचे प्रमाण सुमारे ४.२ टक्के असते. आपल्याकडे ‘स्ट्राँग’ म्हणून विकली जाणारी, सोन्यासारखी पिवळी आणि स्वच्छ दिसणारी बिअर मात्र ८ टक्क्यांपर्यंत जाते. जर्मनीतल्या थुरिंगिया प्रांतातली कोस्ट्रित्झर ही काळी बिअर ४.८ टक्क्यांची आहे, तर श्रीलंकेची लायन स्टाउट तितकीच काळी असूनही ८.८ टक्क्यांची आहे. म्हणजे रंग पाहून मद्यार्काचा अंदाज बांधता येत नाही. तो आकडा बाटलीवर छापलेला असतो, तेवढाच खरा मानावा.

रंग येतो तो धान्याच्या भाजणीतून. आपल्या घरांत नाचणीचे सत्त्व करताना नाचणी भिजवतात, तिला मोड आणतात आणि मग ती वाळवून दळतात. बार्लीचे माल्ट करण्याची रीत पहिल्या टप्प्यांपुरती जवळजवळ हीच आहे. मोड आलेली बार्ली मंद उष्णतेवर वाळवली तर माल्ट फिकट राहते आणि बिअर पिवळी होते. तेच धान्य फिरत्या पिंपात कॉफीच्या बियांसारखे काळेभोर होईपर्यंत भाजले, तर त्यातले थोडेसे धान्यही सगळ्या बिअरला काळा रंग देते. अशा भाजणीच्या पिंपाचे पेटंट डॅनियल व्हीलर यांनी इंग्लंडमध्ये १८१७ साली घेतले आणि त्यानंतर काळ्या बिअरची कृतीच बदलली. आज स्टाउट ही काळी बिअर करताना बहुतांश माल्ट फिकटच वापरतात आणि भाजलेले धान्य साधारण दहाव्या हिश्शाइतके असते. मद्यार्क तयार होतो तो यीस्टने साखर आंबवल्यामुळे, आणि ही साखर मुख्यतः फिकट माल्टमधून येते. करपेपर्यंत भाजलेल्या दाण्यातून रंग, वास आणि खरपूस कडवटपणा मिळतो. मद्यार्कात त्याची भर अगदी किरकोळ असते.

आपल्या समजुतीला इतिहासात मात्र थोडा आधार आहे. अठराव्या शतकात लंडनमध्ये ओझी वाहणाऱ्या हमालांची आवडती तपकिरी बिअर ‘पोर्टर’ या नावाने ओळखली जाऊ लागली, आणि त्यातल्या अधिक जोरकस प्रकाराला ‘स्टाउट पोर्टर’ म्हणत. पुढे ‘पोर्टर’ हा शब्द गळून नुसते ‘स्टाउट’ उरले आणि ताकदीचा मूळ अर्थही मागे पडला. आर्थर गिनेस यांनी डब्लिनमधली सेंट जेम्सेस गेटची जागा १७५९ साली वर्षाला ४५ पौंड भाड्याने ९,००० वर्षांसाठी घेतली, तेव्हा ते प्रथम एल (कोमट तापमानाला आंबवलेली बिअर) बनवत असत. पोर्टरकडे ते नंतर वळले.

ड्राफ्ट गिनेस तोंडात जड, दाट वाटते, त्याचे कारण नायट्रोजन वायू हे आहे. बहुतेक बिअरमध्ये केवळ कार्बन डायऑक्साइड असतो. तो जिभेला टोचतो आणि त्याचे बुडबुडे मोठे असतात. नायट्रोजन द्रवात फारच थोडा विरघळतो. म्हणून त्याचे बुडबुडे अतिशय बारीक होतात आणि सायीसारखा, बराच वेळ टिकणारा फेस तयार होतो. हा दाटपणा फेसाचा आहे, मद्यार्काचा नव्हे. पुढच्या वेळी पूर्ण ग्लास मागवावा आणि तो थोडा सावकाश प्यावा, कारण अतिथंड असताना न कळणारी कॉफीची आणि कडू चॉकलेटची चव शेवटच्या काही घोटांत जाणवते.

प्रश्न : दुकानात परदेशी बाटली स्थानिक बिअरच्या तिप्पट-चौपट किमतीला मिळते. तिच्यात खरोखर तेवढे अधिक काही असते का? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : बाटलीची मागची बाजू आधी वाचावी, असे मी आग्रहाने सांगेन. हायनकेन, बडवायझर, टुबोर्ग ही नावे परदेशी असली, तरी आपल्या दुकानांतल्या त्यांच्या बहुतेक बाटल्या भारतातच भरल्या जातात. त्यात गैर काही नाही, उलट अशी बाटली अधिक ताजी असण्याची शक्यता असते. परंतु ती ‘आयात’ समजून पैसे मोजू नयेत. खरोखर बाहेरून आलेल्या बाटलीच्या किमतीत आयात शुल्क, राज्याचे कर आणि वाहतूक यांचा वाटा इतका मोठा असतो की किमतीवरून आतल्या मालाचा दर्जा ठरवता येत नाही.

बिअर ही बहुतांशी ताजी प्यायची गोष्ट आहे. जहाजातला आणि गोदामातला उष्मा, बाटलीत राहून गेलेला थोडासा प्राणवायू आणि उजेड हे तिचे तीन शत्रू आहेत. जुन्या झालेल्या फिकट लागरला (थंडाव्यात आंबवलेल्या, नेहमीच्या पिवळ्या बिअरला) ओल्या पुठ्ठ्यासारखा वास येतो. उजेडाचे नुकसान तर याहून लवकर होते : हॉप या वेलीच्या फुलांतून आलेल्या कडू द्रव्यांवर सूर्यप्रकाश पडला की त्यांतून गंधकयुक्त, उग्र दर्प असलेले संयुग तयार होते. तपकिरी काच हा प्रकाश बऱ्याच प्रमाणात अडवते, हिरवी फार थोडा अडवते आणि पारदर्शक काच जवळजवळ अडवतच नाही. एकदा मी उन्हाच्या खिडकीत मांडून ठेवलेली हिरवी बाटली भरपूर पैसे देऊन घरी आणली आणि पहिल्याच घोटाला ती बाजूला ठेवावी लागली. ज्या देशात ती बनली, तिथे ती चांगलीच असणार. आपल्यापर्यंत पोहोचताना ती बिघडली.

म्हणून माझा सल्ला असा की फिकट, नाजूक चवीची बिअर शक्यतो जवळ बनलेली आणि नुकती भरलेली घ्यावी, आणि परदेशी बाटलीवर खर्च करायचाच असेल, तर तो प्रवास सोसणाऱ्या प्रकारांवर करावा. बेल्जियममधल्या ट्रॅपिस्ट या ख्रिस्ती पंथाच्या मठाची शिमे ब्लू ही गडद बिअर ९ टक्क्यांची असते, बाटलीत यीस्ट जिवंत असते आणि ती नीट ठेवली तर काही वर्षांनीही चांगली लागते. जोरकस स्टाउटचेही तसेच आहे.

गावातल्या ताज्या बिअरविषयी बोलायचे, तर पुण्यात २००९ साली डूलाली ही जागेवरच बिअर बनवणारी मायक्रोब्रुअरी सुरू झाली, तेव्हापासून महाराष्ट्रातल्या पिणाऱ्याला टाकीतून थेट ग्लासात येणारी बिअर मिळू लागली. (हे नाव नाशिकजवळच्या देवळालीवरून इंग्रजीत रूढ झालेल्या शब्दाचे आहे, हे अनेकांना ठाऊक नसते. मायदेशी नेणाऱ्या जहाजाची वाट पाहत देवळालीच्या छावणीत पडून राहिलेल्या गोऱ्या शिपायांची जी वेडसर मनःस्थिती होई, तिच्यासाठी तो शब्द वापरला जाई.) अशा ठिकाणची गव्हाची बिअर चार दिवसांपूर्वी तयार झालेली असेल, तर माझ्या मते ती सहा महिने प्रवास केलेल्या नामांकित जर्मन बाटलीपेक्षा अधिक आनंद देते.

प्रश्न : आम्ही चार मित्र महिन्यातून एकदा एकत्र येऊन वेगवेगळ्या बिअरची तुलना करतो, पण दोन ग्लासांनंतर सगळ्यांची चव सारखीच लागते. काय चुकते? (एक वाचक, पुणे)

उत्तर : आपण बहुधा फार थंड आणि फार जास्त पिता. तुलनेसाठी प्रत्येकाला प्रत्येक बिअरचे शंभर मिलिलिटर पुरते आणि एका बैठकीत तीन किंवा चार प्रकारांच्या पुढे जाऊ नये. क्रम फिकटाकडून खरपुसाकडे आणि कमी मद्यार्काकडून अधिक मद्यार्काकडे असावा, कारण स्टाउटनंतर पिल्सनर ही फिकट लागर म्हणजे कॉफीनंतर शहाळ्याचे पाणी प्यायल्यासारखे होते. पिल्सनर पाच-सहा अंश सेल्सिअसला ठीक. स्टाउट आणि बेल्जियन गडद बिअर मात्र फ्रिजमधून काढून पंधरा-वीस मिनिटे बाहेर ठेवावी. बर्फ धरलेला ग्लास वापरू नये. ग्लासच्या आतल्या बाजूला बुडबुडे चिकटून राहिले, तर तिथे तुपातेलाचा किंवा साबणाचा अंश राहिला आहे असे समजावे.

याहून महत्त्वाचे असे की चवीला आपल्या भाषेतले नाव द्यावे. इंग्रजी चिठ्ठ्यांवर लिहिलेली फळे आपण कधी खाल्लेली नसतात. आणि जे खाल्लेले नाही, ते घोटात कसे सापडणार? आपल्या स्वयंपाकघरात याला पुरून उरतील इतके शब्द आहेत. बव्हेरियाच्या गव्हाच्या बिअरला, म्हणजे वाइसबिअरला, पिकल्या केळ्याचा आणि लवंगेचा वास येतो. त्यात केळे नसते आणि लवंगही नसते. तो वास त्या विशिष्ट यीस्टने आंबवताना निर्माण केलेला असतो. बेल्जियमच्या हुगार्डन गावची पांढरी बिअर त्याच्याजवळची दिसते, परंतु तिच्यात खरोखरच धणे आणि संत्र्याची वाळलेली साल घालतात. ही पद्धत विसाव्या शतकाच्या मध्यावर गावातून नाहीशी झाली होती; पूर्वी दूध पोहोचवण्याचे काम करणाऱ्या पियेर सेलिस यांनी १९६०च्या दशकात ती पुन्हा सुरू केली. या दोन बिअर शेजारी ठेवून, कोणती कोणती हे न सांगता मित्रांना वास घ्यायला लावावा. धणे ओळखणार नाही असे मराठी नाक मला अजून भेटलेले नाही.

स्टाउटसाठी खरपूस, करपट, काकवीसारखे, सुक्या खजुरासारखे; हॉप्ससाठी कडवट, तुरट, लिंबाच्या सालीसारखे असे शब्द वहीत लिहून ठेवावेत. पुढच्या महिन्यात तीच बिअर पुन्हा घेतली, म्हणजे आपली नोंद किती खरी होती हे कळते.

महाराष्ट्रात बिअरसाठी वयाची २१ वर्षे पूर्ण असावी लागतात आणि परवानाही लागतो, हे सांगणे माझे कर्तव्य आहे. परत जाताना वाहन कोण चालवणार, हे बैठक सुरू होण्यापूर्वीच ठरलेले असावे.

प्रश्न : भारतीय बिअरमध्ये ग्लिसरीन असते आणि बाटली पाण्याच्या ग्लासात उलटी धरली की ते खाली उतरताना दिसते. हे खरे आहे का? (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : दिसते ते खरे आहे, पण ते ग्लिसरीन नव्हे. बिअरमध्ये न आंबलेली साखर आणि इतर द्रव्ये विरघळलेली असल्यामुळे ती साध्या पाण्यापेक्षा किंचित जड असते. बाटली पाण्यात उलटी धरली की जड द्रव खाली उतरतो, हलके पाणी वर चढते, आणि दोन्हींतून प्रकाश वेगवेगळा वाकत असल्यामुळे तेलासारख्या रेषा दिसतात. हाच प्रयोग परदेशी बिअरवर किंवा साखरेच्या पातळ पाकावर करून पाहावा. रेषा तशाच दिसतील. यीस्ट आंबवताना स्वतःच थोडे ग्लिसरॉल तयार करते, ते जगातल्या प्रत्येक बिअरमध्ये असते आणि ते असे वेगळे होऊन बाहेर पडत नाही. या उपायाने बाटलीत पाणी मात्र शिरते आणि चांगली बिअर पांचट होते.

प्रश्न : इंडिया पेल एल भारतात जन्मली का? (एक वाचक, पणजी)

उत्तर : नाही, ती इंग्लंडमध्ये बनली आणि भारतात प्यायली गेली. लंडनच्या बो भागातले जॉर्ज हॉजसन अठराव्या शतकाच्या अखेरीस ती जहाजांवर चढवत होते. १८२०च्या दशकापासून इंग्लंडमधल्या बर्टन गावच्या ऑलसॉप आणि बास या बिअर कंपन्यांनी त्यांना मागे टाकले. भारताच्या प्रवासासाठी हॉजसन यांनी ती मुद्दाम शोधून काढली, ही गोष्ट पुष्कळ सांगितली जाते, परंतु फिकट एल त्यांच्या आधीपासून येत होती. शिवाय, जे सहसा कोणी सांगत नाही ते असे की साहेब लोक पेल एल पीत असताना छावणीतला सामान्य शिपाई काळी पोर्टर पीत होता आणि तीही मोठ्या प्रमाणावर समुद्रमार्गे येथे येत असे. आज क्राफ्टच्या दुकानात आयपीए म्हणून मिळते तिला बहुधा अमेरिकी हॉप्सचा संत्र्या-मोसंब्यासारखा वास असतो. जुन्या इंग्रजी पेयाशी तिचे नाते मुख्यतः नावाचे आणि कडवटपणाचे आहे.

प्रश्न : स्टाउटबरोबर आपल्याकडचे काय खावे? (एक वाचक, रत्नागिरी)

उत्तर : उत्तर आपल्या खाडीतच आहे. आयर्लंड आणि इंग्लंडमध्ये स्टाउटबरोबर कालवे (ऑयस्टर) खाण्याची रीत जुनी आहे आणि गॉलवे शहरात १९५४ पासून कालवांचा उत्सव भरतो. कालवांचा खारटपणा आणि स्टाउटचा खरपूस कडवटपणा एकमेकांना उठाव देतात. आपल्या पद्धतीने ती कांद्यावर परतून, तिखट हात राखून केली, तर जोडी उत्तम जमते. तिखट रश्शाबरोबर मात्र कडवट बिअर घेऊ नये, कारण कडवटपणामुळे तिखटाची आग अधिकच भडकते; तिथे गव्हाची बिअर बरी. ओले खोबरे भरपूर घातलेली सुकी कालवेही मी स्टाउटबरोबर खाऊन पाहिली आहेत, पण खोबऱ्याचा गोडवा वरचढ होऊन कालवांचा खारटपणा हरवतो; तेव्हा खोबरे चिमूटभरच घालावे.