मुलीला कीलाक्षरं शिकायची आहेत

प्रश्न : माझी मुलगी बारावी सायन्सला आहे. गिल्गमेश या महाकाव्याची कथा हाती पडली आणि तेव्हापासून तिचं सगळं वाचन प्राचीन इराकमधल्या बॅबिलोन, असिरिया आणि त्यांच्या मातीच्या पाट्यांवरच्या कीलाक्षर लिपीबद्दल चाललंय. म्हणते, हेच शिकायचं. तिचे बाबा म्हणतात, आधी इंजिनिअरिंग कर, मग हवा तो छंद जोपास. यात खरंच करिअर आहे का? – एक आई, सांगली

उत्तर : ताई, आहे. वाट अरुंद आहे आणि लांबही. पण ती चालण्याआधी एक गोष्ट तपासा. मुलीला ओढ नक्की कशाची आहे?

महाकाव्याने बहुतेकांना या विषयाची गोडी लागते. प्रत्यक्ष कामात मात्र समोर येतात ते हिशेब. सापडलेल्या पाट्यांपैकी मोठा भाग जवाच्या वाटपाचा, मेंढ्यांच्या नोंदींचा, कर्जाच्या करारांचा आहे. इ.स.पू. २१००च्या सुमारास दक्षिण इराकमधल्या उर शहराच्या राजवटीत मजूर पुरुषाला महिन्याला साधारण ६० सिला जव मिळे आणि बाईला ३० सिला. सिला म्हणजे जवळजवळ एक लिटर. इराकमधल्या द्रेहेम इथे तेव्हा राजाच्या जनावरांचं केंद्र होतं; कोणत्या दिवशी किती मेंढ्या आल्या, किती कोणत्या देवळाला गेल्या, याच्या हजारो पाट्या तिथून मिळाल्या. अभ्यासक वर्षानुवर्षं अशा नोंदी एकमेकींशी ताडून बघतात आणि त्यातून त्या काळच्या माणसांचं पोट, घर, मजुरी उभी करतात. ज्याला हे कंटाळवाणं वाटेल, तो इथे टिकणार नाही.

आणि ज्याला वाटणार नाही, त्याच्यासाठी यासारखा विषय नाही. तुर्कस्तानात कायसेरी शहराजवळ कुलतेपे नावाचं ठिकाण आहे, जुनं नाव कानेश. तिथल्या व्यापाऱ्यांच्या घरांतून सुमारे २३ हजार पाट्या निघाल्या. इ.स.पू. एकोणिसाव्या शतकात इराकमधल्या असूर शहरातले व्यापारी गाढवांवर कथील आणि कापड लादून हजार किलोमीटरवर कानेशला नेत आणि चांदी-सोनं परत पाठवत. कापड विणून घेण्याची बाजू असूरमध्ये मागे राहिलेल्या बायका सांभाळत. लमस्सी ही त्यांतलीच एक, पुशुकेन या व्यापाऱ्याची बायको. कापडावरून नवऱ्याने काढलेल्या तक्रारींना ती पत्रातून उत्तर देते, आणि तू गेल्यापासून शलिम-अहुमने दुप्पट घर बांधलं, आपलं कधी होणार, असंही विचारते. चार हजार वर्षांपूर्वीची गृहिणी! तुमच्या लेकीला ही पत्रं गिल्गमेशइतकीच प्रिय होतात का, ते बघा.

त्यासाठी खर्च नाही. ‘क्यूनिफॉर्म डिजिटल लायब्ररी इनिशिएटिव्ह’ या संकेतस्थळावर पाट्यांचे फोटो आणि लिप्यंतर मोफत आहे. अक्कडी म्हणजे बॅबिलोन-असिरियाची भाषा; तिचा शिकागो विद्यापीठाचा शब्दकोश १९२१मध्ये सुरू होऊन २०११मध्ये पूर्ण झाला, तोही मोफत उतरवून घेता येतो. बारावीची परीक्षा संपली की सुट्टीभर तिला हिशेबाच्या आणि पत्रांच्या पाट्या बघू दे. चिन्हं शेकड्यांनी आहेत, एका चिन्हाचे उच्चारही अनेक. सुट्टी संपताना ती आणखी मागत असेल, तर पुढचं बोलू.

आता इंजिनिअरिंगबद्दल. बाबांची काळजी मला पूर्ण मान्य आहे, उपाय मान्य नाही. हा विषय मुळात भाषांचा आहे आणि भाषा शिकण्याची चार वर्षं दुसरीकडे गेली तर ती भरून काढणं जड जातं. तिला स्वतःला प्रोग्रॅमिंग आवडत असेल तर गोष्ट वेगळी. म्युनिक विद्यापीठाच्या प्रकल्पात फुटक्या पाट्यांचे तुकडे संगणकाच्या मदतीने जुळवले जातात, तिथे दोन्ही येणाऱ्या माणसाची किंमत असते. केवळ ‘सेफ’ म्हणून मात्र इंजिनिअरिंग नको.

माझा सल्ला : पुण्यात संस्कृत घेऊन बी.ए. करावं. सायन्समधून कलाशाखेत जाता येतं. अक्कडी ही अरबी-हिब्रूच्या कुळातली, कीलाक्षरांतली दुसरी मोठी भाषा, दक्षिण इराकमधली सुमेरियन, तिला तर ज्ञात नातेवाईकच नाही. पण प्राचीन तुर्कस्तानातली, कीलाक्षरांतच लिहिली जाणारी हित्ती भाषा संस्कृतच्या दूरच्या बहिणींपैकी आहे. विभक्ती-धातूंची सवय झालेल्या मुलीला तिचं व्याकरण परकं वाटत नाही. इ.स.पू. चौदाव्या शतकात हित्ती राजाने मितान्नी या शेजारच्या राज्याशी केलेल्या तहात साक्षीदार म्हणून मित्र, वरुण, इंद्र आणि नासत्य येतात. असे मजकूर वाचताना वेद वाचलेला माणूस शेजारी हवाच असतो, आणि तो माणूस ती स्वतः असू शकते. पदवीनंतर डेक्कन कॉलेजात भाषाशास्त्र किंवा पुरातत्त्व हाही चांगला टप्पा आहे.

कीलाक्षरांच्या पूर्ण शिक्षणासाठी मात्र बाहेर जावं लागेल : ऑक्सफर्ड, लायडन, म्युनिक, हायडेलबर्ग, व्हिएन्ना, शिकागो. ऑक्सफर्डसाठी भारतीय विद्यार्थ्यांना फेलिक्स शिष्यवृत्ती आहे, स्पर्धा कडक. जर्मनीत बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणी शुल्क नाही. हायडेलबर्गला मात्र युरोपबाहेरच्यांना सत्राला १५०० युरो पडतात. शिवाय व्हिसासाठी वर्षाच्या खर्चाचे सुमारे १२ हजार युरो आधी जमा दाखवावे लागतात. हा आकडा बाबांना आजच सांगा, तयारीला वेळ मिळेल. बऱ्याच ठिकाणी एम.ए.ला येण्याआधीच अक्कडीची थोडी तयारी मागतात, म्हणून घरचा अभ्यास वाया जात नाही.

पीएच.डी.पर्यंत आजपासून दहा वर्षं धरा. प्राध्यापकाच्या जागा जगभरात मोजक्याच निघतात. संग्रहालयं, उत्खननं, डिजिटल प्रकल्प इथेही काम असतं, पण बरंचसं ठरावीक मुदतीचं. म्हणून आधाराला जर्मन हवी. या विषयातलं पायाभूत लेखन मोठ्या प्रमाणात जर्मनमध्ये आहे, आणि ही वाट मध्येच सोडावी लागली तरी पुण्यात जर्मन येणाऱ्याला शिकवणं, भाषांतर, कंपन्या, कुठेही काम मिळतं. जूनमध्ये कॉलेज सुरू होईल, त्याच महिन्यात जर्मनची पहिली पायरी सुरू करा. बी.ए. संपेपर्यंत ती बी-२ पातळीला, म्हणजे स्वतंत्रपणे वाचता-बोलता येईल इथवर, पोचलेली असली पाहिजे.