पटत नाही म्हटलं की लगेच शत्रू?

प्रश्न: ताई, आमच्या शाळेच्या बॅचचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे. एकाने राजकीय फॉरवर्ड टाकला, मी खाली फक्त "मला हे पटत नाही" एवढंच लिहिलं, तर तिघं-चौघं तुटूनच पडले, "किती पैसे मिळाले तुला" इथपर्यंत गेलं. हे काही अनोळखी लोक नाहीत हो, एका बाकावर बसायचो आम्ही! ग्रुप सोडू का गप्प बसू?

उत्तर: दोन्ही नको, निदान आत्ताच नको. ओळखीची माणसं असं का बोलतात, तर त्यांना तुमचे डोळे दिसत नाहीत. खरंच, इस्रायलमधल्या संशोधकांनी २०१२ मध्ये एक अभ्यास छापला होता, त्यांना असं दिसलं की ऑनलाइन भांडणात माणसं घसरतात ती नाव लपवल्यामुळे कमी आणि नजरेला नजर नसल्यामुळे जास्त. म्हणजे ग्रुपवर सगळ्यांची नावं, डीपी असूनही जीभ सुटते ती अशी.

आता थोडं तुमच्याबद्दल, रागावू नका. "पटत नाही" लिहिलंत पण का पटत नाही ते कुठाय? नुसतं असं वाक्य वाचणारा आपल्या मूडप्रमाणे वाचतो. २००५ साली अमेरिकेत एक प्रयोग झाला होता, ईमेलमधलं वाक्य टोमणा आहे की मनापासून लिहिलंय हे समोरच्याने ओळखायचं, लिहिणाऱ्यांना वाटलं ७८ टक्के वेळा तरी कळेल, प्रत्यक्षात कळलं ५६ टक्के वेळा, आणि डोळे मिटून अंदाज ठोकला तरी ५० टक्के बरोबर येतातच की! त्यामुळे कारण लिहा, दोन ओळी जास्त झाल्या तरी चालेल.

आपल्याकडच्या जुन्या वादसभांमध्ये आधी पूर्वपक्ष मांडायची पद्धत होती, म्हणजे समोरच्याचं म्हणणं आधी आपण नीट सांगायचं आणि मगच खोडायचं. ग्रुपवर करून बघा, "तुझं म्हणणं असं असं आहे ना?" असं विचारा, तो "हो" म्हणाला की पुढे बोला. निम्मी भांडणं तिथेच मिटतात असं माझं मत आहे, कारण बऱ्याचदा दोघं वेगळ्याच गोष्टीवर भांडत असतात.

पैशांच्या टोमण्याला एकदाच उत्तर द्या, "मुद्द्यावर बोल, माझ्यावर नको", नंतर त्या ओळीकडे बघूही नका.

प्रश्न: सहिष्णुता म्हणजे कोणी काहीही बोललं तरी ऐकून घ्यायचं का?

उत्तर: अजिबात नाही. मत खोडता येतं, शिवी कशी खोडणार? कोणी जातीवरून, धर्मावरून, बाईमाणूस म्हणून घाण बोललं किंवा धमकी दिली तर स्क्रीनशॉट काढा, ॲडमिनला सांगा, ब्लॉक करा. त्यात असहिष्णु वगैरे काही होत नाही. पण नुसतं आपल्याविरुद्ध मत आहे म्हणून ब्लॉक करत सुटलात तर शेवटी उरणार कोण, तुम्ही आणि तुमचे होयबा.

प्रश्न: माझे दीर फेसबुकवर रोज काहीतरी पोस्ट करतात, मला एकही पटत नाही. मी खाली कमेंट करते, मग दोन दिवस घरात कोणी नीट बोलत नाही. कमेंट करणं सोडून देऊ का?

उत्तर: जाहीर कमेंट सोडा, बोलणं सोडू नका. पोस्टखाली त्यांचे ऑफिसमधले, मित्रमंडळी सगळे वाचत असतात, तिथे वहिनीने चूक दाखवली तर भाऊजी माघार घेणार कसे? चुकलंय हे कळलं तरी मान्य करणार नाहीत, उलट अजून एक पोस्ट टाकतील. त्यापेक्षा फोन करा, तोही पोस्ट वाचून डोकं तापलेलं असताना नको, दुसऱ्या दिवशी. आधी पुतण्याच्या परीक्षेची चौकशी करा, पोस्टचा विषय बहुतेक तेच काढतील.